माराकेशहून एका दिवसात वाळवंट? मुक्कामच वारझाझातला हलवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाच जण मोरोक्कोला निघालेत: नवरा-बायको, आठ आणि तेरा वर्षांची मुलं आणि ६९ वर्षांच्या आई, ज्यांचे गुडघे दुखतात. माराकेशला सहा रात्री बुक आहेत, पण बुकिंग अजून फुकटात बदलता येतं. एजंटने तीन डे ट्रिप सुचवल्यात. एक, आयत बेनहद्दू (मातीचं जुनं तटबंदीचं गाव) आणि वारझाझात शहर, एका दिवसात जाऊन-येऊन. दोन, 'सहारा सनसेट', उंटासकट, अर्ध्या दिवसात. तीन, औरिका खोरं. घरात दोघं शाकाहारी. यातलं काय घ्यावं, गाईड लागतो का, आईंना झेपेल का?

या पट्ट्यात मी आपल्याकडची कुटुंबं आणि ग्रुप नेत आलोय, त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो. पहिली ट्रिप माराकेशहून करू नका. दुसरी घ्यायची तर घ्या, पण तिला सहारा समजू नका. तिसरी ठीक आहे. आणि सहापैकी तीन रात्री वारझाझातला हलवा.

आधी पहिल्या ट्रिपचा हिशोब मांडू. माराकेश ते वारझाझात साधारण २०० किलोमीटर. आकडा पुणे-कोल्हापूरच्या आसपासचा वाटतो, पण मध्ये हाय अ‍ॅटलस पर्वत आहे आणि रस्ता २२६० मीटर उंचीच्या तिझी न'तिश्का घाटातून जातो. थांबे धरले नाहीत तरी चार तास. सकाळी सातला हॉटेलवरून उचलतात, तीन-चार हॉटेलांसमोर गाडी थांबते, शहराबाहेर पडेपर्यंत पावणेआठ. आयत बेनहद्दूला पोचता साडेअकरा ते साडेबाराच्या दरम्यान. तिथे दीड तास, मग जेवण, मग वारझाझातला पळत-पळत तास-पाऊण तास, आणि परत तोच घाट. रात्री आठला हॉटेलवर. आठ-नऊ तास सीटवर बसून हातात येतात जेमतेम तीन तास, तेही भर दुपारचे, कारण माराकेशहून निघालेल्या सगळ्या व्हॅन त्याच वेळेला तिथे टेकतात. आयत बेनहद्दूची देखणी बाजू नदीकडे, पश्चिमेकडे तोंड करून आहे. दुपारी ती भिंत सपाट, फिकट दिसते. चारनंतर तिच्यावर ऊन येतं आणि मातीचा रंग खरा उघडतो. तोपर्यंत माराकेशच्या गाड्या घाट चढायला लागलेल्या असतात.

म्हणून घाट एकदाच चढा, एकदाच उतरा, आणि मधल्या दिवसांत वारझाझातहून छोट्या सहली करा. वारझाझात हे फ्रेंचांनी १९२८ साली लष्करी ठाणं म्हणून वसवलेलं शहर. समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर, रुंद रस्ते, गर्दी कमी, दलालांचा त्रास माराकेशच्या मानाने नगण्य. शहर म्हणून ते सुंदर नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बाजारात फिरून 'इथे काय आहे?' असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्याचा उपयोग तळ म्हणून आहे. उत्तरेला अ‍ॅटलस, पूर्वेला स्कूरा आणि दादेसचं खोरं, दक्षिणेला फिंत आणि द्राची खजुराची बनं, पश्चिमेला आयत बेनहद्दू, आणि यातलं बरंचसं तासाभराच्या आत.

आता 'सहारा सनसेट'. माराकेशहून अर्ध्या दिवसात नेतात ते आगाफाय. शहरापासून तीसेक किलोमीटरवरचं दगडधोंड्यांचं, उघडंबोडकं माळरान. हिवाळ्यात मागे बर्फाच्छादित अ‍ॅटलस दिसतो, तंबूतलं जेवण छान असतं, मुलांना उंट मिळतो. पण वाळूच्या टेकड्या नाहीत. त्या बघायच्या तर मेर्झूगाजवळच्या एर्ग शेब्बीला जावं लागतं, माराकेशहून साडेपाचशे किलोमीटरच्या वर, किंवा म्हामिदच्या पुढे एर्ग शेगागाला, जिथे शेवटचा टप्पा फोर-बाय-फोरशिवाय होत नाही. वारझाझातहूनसुद्धा मेर्झूगा साडेपाच-सहा तास आहे. म्हणजे तीही डे ट्रिप नाहीच, तिथे रात्र काढावीच लागते. 'झागोरा डेझर्ट, एका दिवसात' अशी पाटी वारझाझातला दिसेल, जाऊन-येऊन सव्वातीनशे किलोमीटरच्या वर आणि शेवटी तिन्फूचा एकच लहानसा वाळूचा ढीग. तुमच्यासारख्या कुटुंबाने या खेपेला वाळूचा हट्ट सोडावा असं माझं मत आहे. आईंना घेऊन सहा रात्रींत मेर्झूगा बसवायचं तर बाकी सगळंच पळापळीत जाईल.

जाण्याचा दिवस असा ठेवा. पहिली रात्र माराकेशला काढून सकाळी साडेआठला निघा. मुलांपैकी कुणाला गाडी लागत असेल तर अ‍ॅव्होमिनची गोळी डॉक्टरांना विचारून इथूनच घेऊन जा आणि ते सांगतील तितका वेळ आधी द्या. वळणं सुरू झाल्यावर देऊन फायदा नाही. घाटाच्या अलीकडे ताद्दर्त गाव लागतं, तिथे चहा आणि बऱ्यापैकी स्वच्छतागृह. घाटमाथ्याच्या आसपास दगड विकणारे गाडीला हात करतील. फोडलेल्या दगडाच्या पोटात भडक लाल, हिरवे, चांदीसारखे चमकणारे स्फटिक. दगड खरा असतो, रंग बहुतेकदा चढवलेला असतो. बोट ओलं करून घासलं की बोटाला रंग लागतो. तेरा वर्षांच्या मुलाला हा प्रयोग करू द्या, विक्रेताही हसतो आणि मग साधे पांढरे क्वार्ट्‌झचे दगड काढून दाखवतो, ते घेण्यासारखे असतात. याच रस्त्यावर 'अर्गान तेल महिला सहकारी संस्था' अशा पाट्यांपुढे गाड्या थांबवतात. अर्गानची झाडं एसाविरा, अगादीर, सूस खोरं या नैर्ऋत्येच्या भागात वाढतात, या घाटात नाहीत. म्हणजे ती दुकानं आहेत. तेल घ्यायला हरकत नाही, पण ड्रायव्हरला कमिशन असतं हे धरून भाव करा, आणि थांबायचंच नसेल तर सकाळीच सांगा.

घाट उतरल्यावर मुख्य रस्त्यावरून तेलुएतला एक फाटा जातो. तिथे ग्लावी घराण्याची जुनी गढी आहे. फ्रेंच राजवटीत माराकेशचा पाशा, म्हणजे सुभेदार, असलेला थामी अल ग्लावी याच घराण्यातला. फ्रेंचांनी तिश्काचा रस्ता बांधला त्याआधी तांडे तेलुएतवरून उनिला खोऱ्यानेच जायचे, आणि तो रस्ता आजही थेट आयत बेनहद्दूला उतरतो. रस्ता अतिशय देखणा आहे, पण तास-दीड तास वाढतो. ८ सप्टेंबर २०२३च्या भूकंपाने या भागातल्या जुन्या मातीच्या इमारतींना धक्के दिलेत, त्यामुळे गढीत कुठवर सोडतात ते आदल्या दिवशी हॉटेलवाल्याकडून फोन करून विचारून घ्या. तुमच्या आईंसाठी मी तेलुएत वगळेन आणि सरळ आयत बेनहद्दू गाठेन.

आयत बेनहद्दूला साडेतीन-चारला पोचा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे अडीच तास मिळतात. नदीच्या अलीकडे नवं गाव, पलीकडे जुनं तटबंदीचं गाव, जे १९८७पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक कुटुंबं अलीकडे राहायला आली, पलीकडे मोजकीच उरलीत. जाताना पादचारी पुलावरून जा. आत जायला सरकारी तिकीट नाही. तरी बाजूच्या एखाद्या दारातून शिरलात तर 'आमच्या घरातून वाट आहे' म्हणून कुणी दहा-वीस दिरहॅम मागतं. ते घर खरंच बघायचं असेल तर द्या, नाहीतर नम्रपणे 'ला, शुक्रन', म्हणजे 'नको, धन्यवाद', म्हणून पुढची वाट धरा. भिंतींकडे जरा थांबून बघा. खालचा भाग फळ्यांच्या साच्यात माती ठोकून उभा केलेला, त्यात साच्याची आडवी भोकं ओळीने दिसतात. वरचा भाग उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा, नक्षी फक्त तिथेच, कारण ठोकलेल्या मातीत नक्षी निघत नाही. आठ वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला भोकं मोजायला लावा, चढण कळणार नाही.

चढण मात्र आहे. सगळ्यात वर सामाईक कोठार, तिथवर दगडी पायऱ्या, उंची एकसारखी नाही, कठडा बहुतेक ठिकाणी नाही. आईंना पुलाच्या अलीकडेच एखाद्या कॅफेच्या गच्चीवर बसवा. अख्खं गाव समोर दिसतं, पुदिन्याचा चहा येतो, आणि खरं सांगायचं तर फोटोतलं जे दृश्य जगभर फिरतं ते तिथूनच दिसतं. त्यांच्याबरोबर मोठ्यांपैकी एक जण राहू द्या, मग अदलाबदल करा.

दुसरा दिवस स्कूराचा. तुमच्यासाठी सगळ्यात जमणारी सहल ही, आणि एजंटच्या यादीत ती नाही याचं मला नवल वाटत नाही. माराकेशहून ती होऊच शकत नाही. वारझाझातच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटर, सरळ सपाट रस्ता. वाटेत डावीकडे लांबवर नूर सौरऊर्जा प्रकल्पाचा मनोरा दिसतो, सुमारे अडीचशे मीटर उंच. हजारो आरसे सूर्यकिरण त्याच्या माथ्यावर टाकतात, त्या उष्णतेने मीठ वितळवून साठवतात आणि सूर्य मावळल्यावरही त्यावर वाफ करून वीज काढतात. दिवसा माथा इतका लखलखतो की नुसत्या डोळ्यांनी फार वेळ बघवत नाही. प्रकल्पाचा पहिला टप्पा २०१६ साली सुरू झाला. आत जायची परवानगी आयत्या वेळी मिळत नाही, रस्त्यावरून दिसतं तेवढं पुरे.

स्कूराला खजुराचं बन आहे, पण 'बन' म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं नाही. वर खजूर, त्याच्या सावलीत ऑलिव्ह, डाळिंब, बदाम, आणि त्यांच्याही खाली लसूणघास, सलगम, कांदा. तीन मजली शेती. वरच्या मजल्याची सावली गेली तर खालचे दोन्ही उन्हाने जळतील. पाणी मातीच्या पाटांतून येतं आणि पाळीने वाटलं जातं. कुणाच्या शेताला किती वेळ, हे गावात ठरलेलं असतं. मातीचा बांध फावड्याने फोडून पाणी आपल्याकडे वळवणारा शेतकरी दिसला तर दोन मिनिटं थांबा. आपल्याकडच्या कुणालाही ते काम समजावून सांगावं लागत नाही. जुन्या काळी पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतूनही आणत, वर ओळीने हवेच्या विहिरी. मलिक अंबरने औरंगाबादला आणलेल्या नहर-ए-अंबरीची जातकुळी हीच. आता पंप आले, भूजल खाली गेलं, आणि दक्षिण मोरोक्कोतल्या अशा कित्येक नहरी कोरड्या पडल्यात. नोव्हेंबरात खजुराची तोडणी संपत आलेली असते, ताजा माल बाजारात असतो. एक-दोन खाऊन बघितल्याशिवाय किलोभर घेऊ नका, जातीजातीत फार फरक.

बनाच्या कडेला, कोरड्या नदीपात्रालगत अमरिदिलची गढी. मोरोक्कोच्या जुन्या ५० दिरहॅमच्या नोटेवर हिचंच चित्र होतं. एका कुटुंबाच्या मालकीची, तिकीट काढून आत जाता येतं. ऑलिव्हचा घाणा, धान्याची कोठारं, भाकरीची भट्टी, आणि लाकडी कुलूप-किल्ली. टूथब्रशसारखी दिसणारी लाकडी किल्ली दारात सारून वर उचलली की आतल्या खुंट्या सरकतात. मुलांनी हे स्वतः करून बघितलं तर अर्धा तास तिथेच जातो. तळमजला आईंना सहज जमेल, वरच्या जिन्यांचा नाद नको. इथे स्थानिक गाईड जरूर घ्या. गाईडशिवाय अमरिदिल म्हणजे अंधाऱ्या खोल्या.

तिसऱ्या दिवशी निवड करा. फिंत जवळ आहे, वारझाझातच्या दक्षिणेला पंधरा-वीस किलोमीटर, काळ्या डोंगरांच्या कुशीत नदीकाठची छोटी गावं. शेवटचा रस्ता खडबडीत आहे, म्हणून उंच गाडी आणि आईंच्या कमरेला उशी. पाऊस झाला असेल तर रद्द करा, कारण इथल्या कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढा येतो. सप्टेंबर २०२४मध्ये या आग्नेय भागात असा पाऊस झाला की पन्नासेक वर्षं कोरडं पडलेलं इरिकी तळं भरलं. दुसरा पर्याय दादेसची घळ, साधारण सव्वाशे किलोमीटर एका बाजूने. नागमोडी रस्ता जबरदस्त, पण दिवस पूर्ण जातो. त्यात पुढे तोद्रा जोडून देतो असं म्हणणाऱ्याला नाही म्हणा. तोद्राच्या कड्यांमधून, तीनशे मीटरच्या भिंतींच्या तळाशी चालण्यात खरी मजा आहे, आणि दिवसाला चारशे किलोमीटर कापून तिथे वीस मिनिटं मिळणार असतील तर काय उपयोग? वाटेतलं कलात म'गूना गुलाबांसाठी प्रसिद्ध आहे, पण गुलाब एप्रिलअखेर ते मेमध्ये, नोव्हेंबरात फक्त गुलाबपाण्याची दुकानं. तुमच्यासाठी मी सकाळी फिंत आणि दुपारी शहरातली तावरिर्तची गढी आणि अ‍ॅटलस स्टुडिओ ठेवेन. स्टुडिओ १९८३ सालचा. प्लास्टरचं इजिप्शियन देऊळ आणि तिबेटी मठ एकाच उन्हात उभे. तेरा वर्षांच्या मुलाला आवडेल, मोठ्यांना तासाभरात कंटाळा येईल.

गाईडचं थोडं समजून घ्या, कारण पैशांचा घोळ इथेच होतो. ड्रायव्हर आणि गाईड ही दोन वेगळी माणसं. अधिकृत गाईडकडे सरकारी ओळखपत्र असतं, आणि त्यातही शहरांचे वेगळे, डोंगर-निसर्गाचे वेगळे. ड्रायव्हर वाटेत गप्पा मारेल, माहिती देईल, पण आत येऊन समजावणं हे त्याचं काम नाही, तो गाडीपाशी थांबतो. एजंट 'गायडेड टूर' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा फक्त इंग्रजी बोलणारा ड्रायव्हर असतो. पूर्ण दिवस गाईड घ्यायची तुम्हाला गरज नाही. आयत बेनहद्दूला तासाभरासाठी, स्कूराला दोन-तीन तासांसाठी तिथलाच घ्या. गाडी पाच जणांसाठी स्वतंत्र घ्या. पर्यटन परवाना असलेली गाडी हॉटेल मिळवून देतं, नाहीतर ग्रँड टॅक्सी, म्हणजे गावोगाव जाणारी शेअर टॅक्सी, अख्खी ठरवता येते. ठरवताना एवढं लेखी, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना, घ्या: भाव गाडीचा की माणशी, डिझेल आत की बाहेर, तिकिटं आणि गाईड धरलेत का, किती वाजता सुटका, आणि दुकानांचे थांबे किती. शेवटचा मुद्दा लिहिला की तोंडी आश्वासनापेक्षा गाडीचा वेग बराच सुधारतो.

जेवणाचं. भाज्यांचं ताजिन, म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा, सगळीकडे मिळतं, पण मटणाच्या रश्शात शिजवलेलं असू शकतं. हरीरा सूप दिसायला डाळ-टोमॅटोचं, आत बहुतेकदा मांस. 'ब्ला ल्हम', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा आणि 'रस्साही नको' हे ड्रायव्हरकडून सांगून घ्या. बिनधास्त खाण्यासारखं: बिस्सारा, म्हणजे वालासारख्या फावा बीन्सची घट्ट पेज, वर ऑलिव्ह तेल आणि जिरं, वांग्याचं झालूक, मसूर, आणि सकाळचं म्सेमेन, चौकोनी घडीच्या पराठ्यासारखं. लुबिया, पांढऱ्या घेवड्याची उसळ, बहुधा चालते, तरी विचारा. कांदा-लसूण नसलेलं मात्र विसरा, तिथे घरचे ठेपले आणि भडंगच कामाला येतात. ताजिन ताजं शिजायला पाऊण तास लागतो, म्हणून सकाळी निघतानाच ड्रायव्हरला जेवणाच्या ठिकाणी फोन करायला सांगा. पोचलात की पंधरा मिनिटांत ताट समोर. चहात साखर भरपूर असते. आईंना मधुमेह असेल तर 'ब्ला सुक्कर', म्हणजे बिनसाखरेचा, आधीच सांगा.

दिरहॅम भारतातून नेता येत नाहीत असंच समजा, विमानतळावर थोडे बदला आणि वारझाझातच्या एटीएममधून बाकीचे काढा. स्कूरा, फिंतला कार्ड चालत नाही. सुटी नाणी स्वच्छतागृहासाठी आणि गाडी राखणाऱ्यासाठी वेगळ्या पाकिटात ठेवा. रात्री थंडी चांगलीच पडते, दिवसा अर्ध्या बाह्या आणि सातनंतर स्वेटर. परतीच्या दिवशी आदल्या संध्याकाळी घाटाची चौकशी करा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात सहसा अडचण येत नाही, पण बर्फ पडलं तर तिश्का बंद होतो आणि वारझाझातला रेल्वे नाही. म्हणूनच परतल्यावरच्या दोन रात्री माराकेशला ठेवा, विमानाच्या आदल्या दिवशी घाट उतरायची वेळ आणू नका. औरिका त्या मोकळ्या दिवशी करा, तासाभराच्या अंतरावर आहे. धबधब्यापर्यंतची दगडांवरची चढण आईंसाठी नाही, पण नदीकाठी बसून जेवायला ती जागा छान आहे.

आणि मुलाने ड्रोनसाठी हट्ट धरला असेल तर तो घरीच ठेवायला लावा. मोरोक्कोत ड्रोन आणायला बंदी आहे, विमानतळावरच काढून घेतात.